भिलाईच्या नळाचा अहवाल भिलाईकरांच्या हाती द्या

प्रति,
भिलाईच्या पिण्याच्या पाण्याची जबाबदारी सांभाळणारे सर्व अधिकारी, अभियंते आणि प्रयोगशाळांतील रसायनतज्ज्ञ,
भिलाई, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड

विषय: पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचे निकाल जाहीर करण्याबाबत





मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. आमच्या नळाच्या पाण्याची जी तपासणी तुम्ही करता, तिचे आकडे आम्हाला दाखवा. जी तपासणी होत नसेल, ती सुरू करा. पुढचे सगळे पत्र ही मागणी का करावी लागते ते सांगण्यासाठी आहे.

अर्ज हिंदीत द्यायचे असतात, ते देऊन झाले. हे पत्र मराठीत लिहिते, कारण या शहराच्या उभारणीत मराठी घरांचा वाटा आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, अमरावतीकडची माणसे इथे नोकरीला आली आणि निवृत्तीनंतरही सेक्टरांत, नेहरूनगरात, स्मृतीनगरात राहिली. तुमच्या कार्यालयांतही त्या घरांतली मुले आज अभियंते आहेत. त्यांनी हे पत्र वाचावे आणि आपल्या टेबलावरून जे करता येईल ते करावे, ही माझी इच्छा आहे.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि माझ्या घरातला माणूस रेल मिलमध्ये होता. मोजमापाला हे शहर किती मानते, ते मी जवळून पाहिले आहे. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या इस्पात संयंत्राची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या कारखान्याचे रूळ आज देशभर पसरले आहेत. रुळाचे पोलाद ओतण्याआधी त्यातला हायड्रोजनसुद्धा मोजतात. दहा लाख भागांत 1.6 भागांपेक्षा जास्त हायड्रोजन रेल्वेला चालत नाही, कारण तेवढ्या वायूनेही रुळाच्या पोटात बारीक चीर पडू शकते. प्रत्येक रुळावर हीटचा, म्हणजे पोलादाच्या एका ओतीचा, क्रमांक ठोकलेला असतो. पुढे कधी दोष निघाला तर ते पोलाद कोणत्या हीटचे होते, याचा माग काढता येतो. एवढी शिस्त अंगी बाणलेल्या शहरात, आज सकाळी माझ्या नळाला आलेल्या पाण्यात क्लोरीन किती होता, हे मला कळायला मार्ग नाही. ही शिस्त नळापर्यंत यावी, एवढेच मी मागते आहे.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार अशी की, शहर एक असले तरी पाण्याचे मालक अनेक आहेत. टाउनशिपला इस्पात संयंत्राचा नगर सेवा विभाग पाणी देतो. ते मरोदा जलाशयातून येते आणि मरोदा भरतो तो तांदुला आणि महानदीवरच्या गंगरेल धरणातून कालव्याने आलेल्या पाण्यावर. तांदुला 1921 चे धरण आहे, गंगरेल 1979 चे. टाउनशिपबाहेर नगर निगम शिवनाथचे पाणी शुद्ध करून देते. नेहरूनगरचे रोज 77 दशलक्ष लिटरचे (एमएलडी) केंद्र त्यासाठीच आहे. रिसालीचे निगम आता वेगळे झाले आहे, भिलाई-चरोदाचे वेगळे आहे, दुर्गचे तर वेगळेच. ज्या वस्त्यांत नळ अपुरा पडतो तिथे बोअर, हातपंप आणि टँकर. त्यावर लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभाग आणि पर्यावरण संरक्षण मंडळ, प्रत्येकाचे काम आपापल्या कागदावर. सुपेल्यात राहून सेक्टरात कामाला जाणारी बाई दिवसात दोन वेगवेगळ्या यंत्रणांचे पाणी पिते. आजारी पडली तर कोणाकडे जायचे, हे तिला कोणी सांगितलेले नाही. आमच्या भागातल्या गढूळ पाण्याबद्दल मी एका कार्यालयात गेले होते. तिथे सांगितले, दुसऱ्या कार्यालयात विचारा. दुसऱ्याने पहिल्याकडे परत पाठवले. तिथल्या माणसांवर माझा राग नाही. त्यांच्या हातात दाखवायला कागदच नव्हता.

हद्दींच्या या गोंधळाची किंमत काय असते, हे पुण्याने जानेवारी 2025 मध्ये पाहिले. सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक रुग्णालयात आले. हातापायांतली शक्ती जात होती, काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. तपासात काही रुग्णांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे 2021 मध्ये महापालिकेत आली होती. पण तिथल्या विहिरीचे पाणी क्लोरीन टाकून, गाळणी केंद्रातून न जाता, घरांत पोचत होते. गावे कागदावर शहरात आली, शहराचे शुद्ध पाणी मात्र त्यांच्यापर्यंत आले नव्हते. आपल्याकडे निगमांच्या हद्दी गेल्या काही वर्षांतच बदलल्या आहेत. सीमेवरच्या प्रत्येक वस्तीत पाणी कोण गाळतो आणि कोण तपासतो, हे लेखी सांगता येईल का?

दुसरी तक्रार नमुन्यांची. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या केंद्रीय मार्गदर्शक पुस्तिकेत जिवाणू तपासणीचे प्रमाण दिले आहे: एक लाखाहून मोठ्या वस्तीत दर दहा हजार लोकांमागे महिन्याला एक नमुना, आणि दोन नमुन्यांत एका दिवसाहून जास्त अंतर नको. 2011 च्या जनगणनेत भिलाई निगमाची लोकसंख्या सुमारे सव्वासहा लाख होती, तेव्हा रिसाली त्यातच होती. म्हणजे त्या लोकसंख्येलाही महिन्याला बासष्ट-त्रेसष्ट नमुने हवेत. प्रश्न असा की हे नमुने घेतले जातात का, आणि घेतले तर कुठून?

कुठून हा प्रश्न मी मुद्दाम विचारते. शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी घेतलेला नमुना उत्तीर्णच होतो, तिथे तो उत्तीर्ण व्हायलाच हवा. बिघाड पुढे होतो. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही, ठरावीक वेळी येते. पाणी बंद झाले की वाहिनीतला दाब उतरतो. वाहिनी नालीतून किंवा नालीच्या कडेने जात असेल आणि तिला बारीकशी भेग असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात गल्लीतली घरे नळाला थेट टुल्लू पंप जोडतात. पंप वाहिनीतले पाणी शोषतो आणि पाणी कमी पडले की भेगेतून नालीचे पाणीही शोषतो. म्हणून खरी परीक्षा शेवटच्या घराच्या नळावर होते. खुर्सीपारच्या, कॅम्प-2 च्या, छावणीच्या, कोहक्याच्या अगदी टोकाच्या गल्लीत. तिथे लिटरला 0.2 मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन मिळाला, तर वाटेत शिरलेल्या जंतूंशी लढायला पाण्यात काहीतरी शिल्लक आहे. तो शून्य आला, तर केंद्रातले उत्तीर्ण प्रमाणपत्र त्या घराच्या उपयोगाचे नाही.

नमुना घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. बाटली निर्जंतुक हवी. क्लोरीन असलेल्या पाण्यासाठी बाटलीत आधी थायोसल्फेट टाकलेले हवे, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन जंतूंना मारत राहतो आणि वाईट पाणीही चांगले दिसते. बाटली बर्फाच्या डब्यातून जायला हवी आणि तपासणी चोवीस तासांच्या आत सुरू व्हायला हवी. हे सगळे तुम्ही जाणता. पण तुमच्या हाताखाली जो मुलगा दुपारच्या उन्हात मोटारसायकलवर बाटल्या घेऊन फिरतो, त्याला बर्फाचा डबा दिला आहे का, हे कृपया एकदा स्वतः पाहा.

तिसरी तक्रार, तपासणी कशाची होते याबद्दल. भारतीय मानक आयएस 10500 मध्ये पिण्याच्या पाण्याचे निकष दिले आहेत. नेहमीच्या तपासणीत रंग, वास, गढूळपणा, पीएच, क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन आणि कोलिफॉर्म एवढे पाहतात. खेड्यासाठी ही यादी कदाचित पुरेल. भिलाई हे पोलाद, कोक, सिमेंट आणि रासायनिक कारखान्यांचे शहर आहे. कोक ओव्हनच्या सांडपाण्यात फिनॉल, सायनाइड आणि अमोनिया असतात, म्हणूनच ते पाणी बाहेर सोडण्याआधी त्यावर प्रक्रिया करावी लागते. पिण्याच्या पाण्यात फिनॉलची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे, सायनाइडची 0.05, शिशाची 0.01. फिनॉल असलेल्या पाण्यात क्लोरीन टाकला तर क्लोरोफिनॉल तयार होतात आणि अगदी थोड्या प्रमाणातही पाण्याला औषधासारखी चव येते. हथखोज, जामुल, छावणी, खुर्सीपार या औद्योगिक पट्ट्यात आणि त्याच्या आसपास जिथे लोक बोअरचे पाणी पितात, तिथे या गोष्टींची तपासणी नियमाने व्हायला हवी. तिथे विष आहे असे मी म्हणत नाही. नाही असे खात्रीने म्हणायचे असेल, तर तपासणीशिवाय ते म्हणता येणार नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

जमिनीखालच्या पाण्याची काळजी कारखान्यांपुरती नाही. ज्या शिवनाथचे पाणी आपण पितो, तिच्या वरच्या खोऱ्यात अंबागढ चौकीजवळ कौडीकसा हे गाव आहे. तिथल्या विहिरी-हातपंपांत आर्सेनिक असल्याचे 1990 च्या दशकातच उघड झाले. ते तिथल्या खडकातून आलेले आहे, कोणी टाकलेले नाही, पण म्हणून गावकऱ्यांच्या कातडीवरचे डाग टळले नाहीत. 2024 च्या अखेरीस दुर्ग, राजनांदगाव, बालोद, बेमेतरा, कवर्धा आणि कांकेर या जिल्ह्यांतल्या काही भूजल नमुन्यांत युरेनियम मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे. आर्सेनिक आणि युरेनियम यांना रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून ते जात नाहीत, उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. जिल्ह्याचे नाव बातमीत आल्यानंतर तुमच्यापैकी कोणीतरी पुढे येऊन सांगायला हवे होते की भिलाईतल्या अमुक इतक्या बोअर तपासल्या आणि त्यांचे निकाल हे असे आहेत. अशी माहिती आमच्या वस्तीपर्यंत पोचली नाही.

चौथी तक्रार गढूळ पाण्याबद्दल आणि त्यावर मिळणाऱ्या उत्तराबद्दल. पावसाळ्यात नळाचे पाणी पिवळट येते. विचारले की उत्तर येते, "पाणी सुरक्षित आहे, थोडे वाहू द्या." ज्याने हे उत्तर दिले त्याने त्या दिवशी त्या गल्लीतले पाणी तपासले होते का? गढूळपणाची स्वीकारार्ह मर्यादा 1 एनटीयू आहे. हा निकष डोळ्यांना बरे दिसावे म्हणून ठेवलेला नाही. मातीचे कण जंतूंना आडोसा देतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून गढूळ पाण्यात क्लोरीन टाकला तरी ते जंतुमुक्त झाले असे धरता येत नाही. रंग कधी लोखंडामुळे येतो, कधी मँगनीजमुळे, कधी जुन्या वाहिनीच्या गंजामुळे, आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. कारण सांगा, आकडा सांगा, किती दिवसांत सुधारेल ते सांगा. सुरक्षित असल्याचे आश्वासन त्यानंतर द्या.

पाचवी तक्रार या सगळ्याच्या परिणामाची. नळावर विश्वास उरला नाही म्हणून घराघरात आरओ आले. ज्यांना ते परवडत नाहीत, ते वीस लिटरचे जार घेतात, आणि त्या जारचे पाणी कोण तपासतो हेही कोणाला ठाऊक नसते. विक्रेता दारात येतो, नळाच्या पाण्यात विजेच्या कांड्या बुडवतो, पाणी काळपट होते आणि घरातली माणसे घाबरतात. तो गाळ बहुतांशी कांडीतल्या लोखंडाचा असतो. दुसरा येतो तो टीडीएसची पेनासारखी काडी बुडवून आकडा दाखवतो. ती काडी विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देते. जंतू, आर्सेनिक, शिसे यांच्याबद्दल ती काहीही सांगत नाही. टीडीएस 500 पेक्षा कमी असलेल्या पाण्यावर आरओ वापरू नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019 मध्ये सांगितले, कारण त्यात पाणीही वाया जाते आणि उपयोगाचे क्षारही जातात. मग सेक्टरातल्या माणसाने आरओ लावावा की लावू नये? त्याच्या नळाचा टीडीएस त्याला सरकारी कागदावर वाचता आला असता, तर हा प्रश्न विक्रेत्याला विचारावा लागला नसता. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी भीती विकत घेतली. ज्यांच्याकडे नाही ते पावसाळ्यात कावीळ आणि हगवण सोसतात.

सहावी तक्रार यंत्रणांच्या गप्प राहण्याच्या सवयीबद्दल. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई पसरला, हजारो लोक आजारी पडले आणि माणसे दगावली. ही कावीळ गरोदर बायकांना, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेतते. अशा साथीत पहिल्या काही दिवसांची किंमत फार मोठी असते. पाणी उकळा हा निरोप वेळेवर गेला तर कित्येक घरे वाचतात. अमेरिकेतल्या फ्लिंट या मोटारींच्या गावाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. एप्रिल 2014 मध्ये तिथे पैसे वाचवण्यासाठी नदीचे पाणी सुरू केले. त्या पाण्याने यंत्राचे भाग गंजतात म्हणून जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या पाण्याची सोय करून घेतली. रहिवाशांना मात्र आणखी वर्षभर तेच पाणी पाजले आणि जुन्या नळांतले शिसे मुलांच्या रक्तात गेले. कारखान्याला जे कळले ते घरांना कळायला एक वर्ष लागले. कारखान्याच्या गावात राहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

गुणवत्तेची ही स्थिती, पण आपल्याकडे पाण्याच्या प्रमाणाचे करार मात्र फार काटेकोर होतात. 1998 मध्ये बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी देण्यासाठी याच शिवनाथचा 23.6 किलोमीटरचा पट्टा एका खासगी कंपनीला 22 वर्षांसाठी देण्यात आला, आणि गावकऱ्यांना आपल्याच नदीत उतरता येईना म्हणून देशभर चर्चा झाली. त्या करारात पाणी किती द्यायचे आणि कोणत्या दराने, हे लिहिलेले होते. पिण्याच्या पाण्याच्या गुणवत्तेबद्दल रहिवाशाशी असा करार कोणीच करत नाही. खरे तर तो करार राज्यघटनेने केलेला आहे. 1991 मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रदूषणमुक्त पाणी मिळणे हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तो खटलाही एका पोलाद कंपनीच्या कोळसा धुण्याच्या कारखान्यातून बोकारो नदीत जाणाऱ्या गाळाबद्दल होता. याचिका फेटाळली गेली, तत्त्व मात्र कायम राहिले.

तक्रारी सांगून झाल्या. आता विनंत्या. यांतली कोणतीही तुमच्या अधिकाराबाहेरची नाही.

1. सर्व यंत्रणांनी मिळून दर महिन्याला एकच अहवाल काढावा. त्यात सेक्टर आणि वॉर्ड यांप्रमाणे नमुने किती घेतले, किती नापास झाले आणि नापास ठिकाणी काय केले, हे सोप्या हिंदीत असावे. तो निगम कार्यालयांत, सिव्हिक सेंटरमध्ये, रेशन दुकानांवर आणि शाळांच्या फलकांवर लावावा. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार अशी माहिती कोणी न मागता देणे हे तुमचे कर्तव्यच आहे. अमेरिकेत वस्त्यांना पाणी देणाऱ्या संस्थांना दरवर्षी 1 जुलैपर्यंत ग्राहकांना पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल द्यावा लागतो. आपण महिन्याचा अहवाल देऊन त्यांच्याही पुढे जाऊ शकतो.

2. प्रत्येक वितरण टाकीच्या शेवटच्या नळावर रोज क्लोरीन मोजावा आणि त्या दिवसाचा आकडा टाकीखाली लिहावा. पुरी शहराने 2021 मध्ये नळाचे पाणी थेट पिता येईल अशी व्यवस्था उभी केली आणि पाण्याची गुणवत्ता दाखवणारे फलक रस्त्यावर लावले. समुद्राकाठच्या, लाखो यात्रेकरूंच्या गावाला जे जमले, ते अभियंत्यांच्या गावाला का जमू नये?

3. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, जड धातू, आर्सेनिक, युरेनियम, फ्लोराइड, फिनॉल आणि सायनाइड यांची पूर्ण तपासणी करावी. ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत व्हावी आणि तिची फेरतपासणी बाहेरच्या संस्थेकडून व्हावी. आयआयटी भिलाईचा परिसर कुटेलाभाट्यात, आपल्या दाराशी आहे. इस्पात संयंत्राच्या आरसीएल प्रयोगशाळेत मोजमापात मुरलेली माणसे आहेत. त्यांना या कामासाठी बोलवा.

4. हातपंप आणि बोअर यांना रंगाचे कार्ड द्यावे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळालेल्या गावाला सुधारणा करावीच लागते, आणि सगळ्या गावाला ते कळते. इथे प्रत्येक हातपंपावर तोच रंग रंगवला, तर अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळेल की हे पाणी पिण्याचे की भांडी घासण्याचे.

5. रहिवाशाने आणलेला नमुना तपासण्याची सोय करावी, परवडणाऱ्या दरात, पावतीसह. जल जीवन मिशनखाली 2021 पासून सरकारी प्रयोगशाळा सामान्य लोकांसाठी खुल्या करण्यात आल्या आहेत आणि खेड्यांत पाच-पाच बायकांना तपासणी किटचे प्रशिक्षण दिले जाते. आपल्या वॉर्डांतल्या बचत गटांनाही ते द्या. पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का, हे रंग काळा झाल्यावर दाखवणारी साधी बाटली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्येच तयार केली होती. हे तंत्र आपल्या देशातले आहे, स्वस्त आहे आणि शाळेतल्या मुलांनाही वापरता येते.

6. नमुना नापास झाला की त्याच दिवशी सूचना द्यावी. मितानिन आरोग्यसेविका गल्लीगल्ली ओळखतात. त्यांच्यामार्फत, कचरागाडीच्या भोंग्यावरून आणि दवंडी पिटून लोकांना सांगा की पाणी उकळून प्या. लोक घाबरतील म्हणून गप्प राहू नका. माहिती नसलेला माणूस जास्त घाबरतो.

7. नालीतून जाणाऱ्या वाहिन्या आणि जोडण्या यांची यादी करा, ती जाहीर करा आणि त्या काढण्याची तारीख द्या. तारीख चुकली तर कारण लिहा.

आता दोन शब्द माझ्या शेजाऱ्यांना, विशेषतः मराठी मंडळींना. अधिकाऱ्यांना प्रश्न विचारताना आपल्या घरातल्या चुकाही सुधारायला हव्यात. टुल्लू पंप थेट नळाला जोडू नका. त्याने तुमची टाकी भरते आणि शेजारच्या घरात नालीचे पाणी जाते. छतावरची टाकी वर्षातून दोनदा तरी धुऊन, तळाचा गाळ काढून, ब्लीचिंग पावडरने स्वच्छ करा. पाणी साठवायच्या भांड्याला झाकण आणि काढायला लांब दांड्याचा डोयला ठेवा. तक्रार तोंडी करू नका. तारीख, वेळ, गल्ली आणि पाण्याचा रंग लिहून द्या आणि पोच घ्या. ज्यांनी आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केले, त्या निवृत्त मंडळींनी गणेशोत्सवात मांडवाच्या एका कोपऱ्यात पाणी तपासणीचे टेबल मांडावे. लोक दर्शनाला येताना घरून बाटलीभर पाणी आणतील. टिळकांनी सार्वजनिक केलेल्या उत्सवाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

अधिकारी बंधू-भगिनींनो, तुमचे काम कठीण आहे हे मला समजते. वाहिन्या जुन्या आहेत, वस्त्या वाढल्या आहेत, माणसे कमी आहेत, आणि पाणी चांगले आले त्या दिवशी कोणी तुमचे आभार मानायला येत नाही. आकडे जाहीर केले तर टीका होईल, ही भीतीही खरी आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये केंद्र सरकारने दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांतल्या नळाच्या पाण्याचे निकाल जाहीर केले, तेव्हा मुंबई सोडून एकाही शहराचे सर्व नमुने उत्तीर्ण झाले नव्हते. शहरांची नाचक्की झाली. पण त्यामुळे लोकांना आपल्या नळाबद्दल पुराव्यानिशी प्रश्न विचारता आले. त्या यादीत रायपूर होते, भिलाई नव्हती. आपली परीक्षा कोणी घेण्याची वाट पाहू नका, स्वतःहून ती द्या. नापास निकाल प्रामाणिकपणे लावणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाठीशी हे शहर उभे राहील. मी स्वतः उभी राहीन आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला उभे राहायला सांगेन.

पहिला संयुक्त अहवाल येत्या पावसाळ्याआधी लावा, ही कळकळीची विनंती. तो कितीही अपुरा असला तरी चालेल, पण त्यात खरे आकडे असावेत आणि खाली सही असावी.

कळावे,

आपली विश्वासू,
भिलाईची एक रहिवासी आणि निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका